आठ जणांनी न विचारलेलं

निशातगंज, लखनऊ
४ ऑगस्ट २००९

मला न विचारता माझा कागद केलास, हिमानी! रविवारी तुझ्या धुण्याच्या पिशवीत सापडला. इंग्रजी होता, म्हणून तुझ्या बापाकडून, मोहनकडून वाचून घेतला. वय अडुसष्ट, अशिक्षित स्त्री, लघवीची गोळी नियमित घेत नाही, पाय सुजतात, कारण शोधा. अशिक्षित? दुसरी पास आहे मी. हे पत्र मग कोण लिहितंय, दूधवाला भैया?

चि. हिमानीस आजीचे आशीर्वाद.

तो सांगतो, मेडिकल कॉलेजात तुमच्या वर्गाचे दोन भाग केलेत. अर्ध्यांना सर फळ्यापुढे उभे राहून शिकवतात. तुम्हा अर्ध्यांना कुणाच्या तरी दुखण्याचा कागद देतात, आठ-आठ जण गोल बसून आपणच उत्तर शोधता, आणि मॅडम पगार घेऊन गप्प बसतात. कोण जास्त शिकलं ते परीक्षेत बघणार म्हणे. तुला लेक्चरच्या भागात हलवा, असा अर्ज मोहनने लिहून ठेवलाय. पुढच्या शुक्रवारी सही घ्यायला येतोय. तुझं काय म्हणणं ते आधी मला कळव. फोन नको, फोनवर तू मला बोलू देत नाहीस.

राग आहे. लोभही आहे, पण आज राग जास्त.

तुझी आजी,
पद्मिनी


गर्ल्स हॉस्टेल, लखनऊ
७ ऑगस्ट २००९

ती. आजीस सा. न. वि. वि.

सॉरी आजी. प्रत्येकाने घरचा एक पेशंट कागदावर आणायचा होता, मी तुला नेलं. ‘अशिक्षित’ मीच लिहिलं. मार हवं तर, पण पुढचं ऐक. दोन घंटे आम्ही आठ जण भांडलो आणि शेवटी सगळ्यांनी एकच कारण लिहिलं, की शिक्षण नाही म्हणून गोळीचं महत्त्व कळत नाही. मॅडमनी फक्त विचारलं की नक्की का, आणि आम्ही एका सुरात हो म्हटलं.

तेवढ्या वेळात सरांनी लेक्चरवाल्यांना ब्लडप्रेशरच्या साऱ्या गोळ्या, तुझी लघवीचीही, डोससकट लिहून दिल्या. पहिल्या टेस्टमध्ये ते पुढे, आम्ही मागे. मला ही भांडणं आवडतात यार, लेक्चरमध्ये तर झोप येते. पण फेल झाले तर? बाबांचंच बरोबर असेल. सही करून टाकते.

पाय कसे आहेत? रागावून का होईना, लिहीत राहा.

तुझी,
हिमानी


निशातगंज, लखनऊ
१० ऑगस्ट २००९

सही केलीस तर या घरात पाऊल टाकू नकोस, असं लिहिणार होते. पण मग रविवारचं उरलेलं कोण संपवणार? चि. हिमानीस अ. उ. आ.

गोळीचं महत्त्व मला चांगलं कळतं. घेतली की तीन तास मोरीच्या दाराशी बसावं लागतं. मंगळवारी मी देवळात जाते, शनिवारी बाजारात. तिथे बाईमाणसाने जायचं कुठे, भिंतीआड? म्हणून ते दोन दिवस घेत नाही. विसरून नाही, ठरवून. परत आल्यावर घेतली तर चालेल का, हे विचारायला तोंड उघडते तोवर डॉक्टर पुढच्या पेशंटला हाक मारतात.

तुझ्या सरांना गोळीचं सगळं ठाऊक, माझं काही नाही. तुम्हा आठ जणांच्या हातात माझा कागद होता. त्यातली एक तर माझ्या हातचं वरण खाऊन वाढली. तिनेही विचारलं नाही! तरी ऐक. ही चूक तुम्ही आपल्या डोक्याने केलीत, म्हणून मला ती दाखवता आली. फळ्यावरून उतरवून घेतली असतीत तर जन्मभर पाठ राहिली असती.

मोहन म्हणाला, मार्क गेले म्हणजे? मी म्हटलं, डोस पुस्तकात आहेत, महिनाभर बसून पाठ करेल. मी पुस्तकात नाही. मग त्याचा अर्ज उचलला आणि त्याच्याच पाठीवर हे पत्र लिहिलं. उलटून बघ. आता कर सही कुठे करतेस ती.

पाय सुजलेलेच आहेत. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवायची गरज नाही.

पद्मिनीआजी

ता. क. याचं उत्तर तू लिहायचं नाहीस. बाकीच्या सात जणांनी लिहायचं, प्रत्येकाने मला एक प्रश्न, हिंदीत चालेल. ज्याला प्रश्न सुचणार नाही, त्याने खुशाल लेक्चरला जावं.