खराडीची सदनिका निकिताला देण्याची कारणे

मी, मंदाकिनी बाबुराव ओव्हाळ, वय त्र्याहत्तर, टेलिफोन खात्यातून निवृत्त, राहणार खराडी, पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांचे तसे प्रमाणपत्र सोबत जोडले आहे. मजवर कोणाचे दडपण नाही. पुतणे रणजित यांनी आणून पाहिले, ते चालले नाही.

माझे पती हयात नाहीत. अपत्य एकच, चेतन. तो संगणकाच्या नोकरीसाठी अमेरिकेत गेला आणि २००३ साली तेथेच मेंदूतील रक्तस्रावाने वारला. त्याची पत्नी निकिता हिने पुढे श्री. अनिरुद्ध शिरसाट यांच्याशी विवाह केला.

१. खराडीची सदनिका माझ्या फंडाच्या पैशातून घेतलेली, माझ्या एकटीच्या नावावर आहे. घेतली तेव्हा रिक्षावाले इकडे यायला नाही म्हणत. आता आयटी पार्क झाले, आणि रणजित न बोलावता येतात. ही सदनिका मी सौ. निकिता अनिरुद्ध शिरसाट हिला पूर्ण मालकी हक्काने देत आहे.

दुसरे लग्न केले त्या दिवशी ती परकी झाली, असे रणजित यांचे म्हणणे आहे. त्याचे उत्तर येथेच लिहून ठेवते, म्हणजे माझ्यामागे कोणाला माझ्या वतीने बोलावे लागणार नाही.

चेतन गेला तेव्हा मी न्यू जर्सीला गेले. थोड्याच दिवसांत निकिताच्या कंपनीने तिची कॅलिफोर्नियात बदली केली. नोकरी सोडली असती तर व्हिसाही गेला असता. तिने सामान ट्रकने पाठवले आणि आपण दोघी गाडीने जाऊ म्हणाली. मी पुणे-नागपूरएवढे अंतर धरून चालले होते. तो अख्खा देश आडवा कापायचा होता.

सुरुवातीला आम्ही फारसे बोललो नाही. लग्नानंतर ती माझ्याकडे एकदाच, तीही पाहुण्यासारखी, राहिली होती. ओहायोत तिने गाडी मुख्य रस्ता सोडून आत घातली. समोर सात मजली कचेरी होती, हुबेहूब टोपलीच्या आकाराची, वर धरायला कड्या. हिंजवडीत एवढ्या काचा लागल्या, पण हे कोणाला सुचले नाही. कॅन्ससमध्ये ती पुन्हा वळली, या वेळी सुतळीचा गोळा पाहायला. गोळा म्हणजे खोलीएवढा, छपराखाली ठेवलेला. नवरा जाऊन महिना झाला नाही आणि हिला हे सुचते, असे माझ्या मनात आले. मी गाडीतून उतरले नाही.

"निकिता, आपण सहलीला निघालेलो नाही," मी म्हणाले.

ती दार धरून उभी राहिली. "आई, ही सगळी ठिकाणं दाखवीन असं चेतनने मला सांगितलं होतं. एकटी असते तर मी न थांबता गेले असते. तुम्ही बरोबर आहात म्हणून थांबतेय."

मी उतरले. तिथल्या बाईने आम्हाला सुतळी दिली. येणाऱ्याने आपलाही फेरा घालायचा अशी तिथली रीत. मी टोक धरले, निकिता गोळ्याभोवती फिरली. तेव्हा मी तिला चेतनचे लहानपण सांगायला लागले. आळंदी रस्त्यावर विहीर दिसो, क्रेन दिसो, तो वडिलांना स्कूटर थांबवायला लावी. ते चिडत, पण थांबत. हे तिला ठाऊक नव्हते. ती हसली आणि मग तिथेच खाली बसून रडली. मीही तिच्याजवळ बसले. त्या बाईने पाणी आणून दिले आणि काही विचारले नाही.

टेक्सासमध्ये शेतात ओळीने जुन्या गाड्या नाक खुपसून पुरल्या आहेत. लोक त्यांच्यावर रंग मारतात. निकिताने चेतनचे नाव लिहिले, मराठीत.

"उद्या कुणीतरी यावर रंग मारेल," ती म्हणाली.

"मारू दे. लिहिलं ते आपण दोघींनी पाहिलं."

ॲरिझोनातल्या त्या मोठ्या दरीच्या काठावर बाकावर बसून मी तिला सांगितले, की तिने पुन्हा लग्न करावे.

"आई, हे बोलायची ही जागा आहे का?"

"पुण्यात बोलले तर सगळे ऐकतील," मी म्हणाले. "तू माझ्यासाठी थांबू नकोस. मला ते ओझं होईल."

तीन वर्षांनी तिने फोन करून लग्नाचे कळवले. परवानगी मागितली नाही, हे योग्यच केले. म्हणजे ते लग्न माझ्या सांगण्यावरून झाले. त्यापायी तिचा हक्क जात असेल, तर आधी माझा गेला पाहिजे. माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया झाली तेव्हा ती रजा काढून आली आणि रुग्णालयात खुर्चीवर झोपली. रणजित यांनी मोबाइलवर संदेश पाठवला होता. तो मिळाला.

२. पतींचे लेथवरचे मापाचे साहित्य खडकीच्या श्री. कचरू साळवे यांस द्यावे. ते त्यांच्याच हाताखाली शिकले.

३. बँकेतील ठेवी आमच्या विहाराच्या अभ्यासिकेस द्याव्यात. पुस्तके घ्यावीत. देणगीदाराच्या नावाची फरशी बसवू नये.

४. दिवाणखान्यातील लाकडी सोफा रणजित यांस. त्यावर बसून त्यांनी मला पुष्कळ सल्ला दिला आहे. नेण्याचा खर्च त्यांचा.

५. नेत्रदान करावे. अंत्यविधीची वंदना साधी व्हावी. त्यासाठी निकिताने धावत येऊ नये. तिची नोकरी आहे.

६. माझ्या सोन्याच्या पाटल्या निकिता व अनिरुद्ध यांची मुलगी कु. अपेक्षा हिला द्याव्यात. वकिलांनी विचारले, नाते काय लिहायचे? तिच्या अंगात माझे रक्त नाही, हे मला कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. नात, असे लिहावे.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी खात्यातील मैत्रीण शैला गांगुर्डे करील. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही आणि आता करणारही नाही.

सही: मंदाकिनी बाबुराव ओव्हाळ

वरील सही आमच्यादेखत झाली, आणि आम्ही त्यांच्यादेखत सह्या केल्या:
१. शैला वामन गांगुर्डे, येरवडा
२. डॉ. कल्याणी रमेश भालेराव, खराडी

पुणे, १२ ऑगस्ट २०१४