गैरहजेरीचे चौदा दिवस

१ एप्रिल, मंगळवार
आठ महिने घरी बसून खाल्ल्यावर एकदाची नोकरी लागली! शिकोकू बेटाच्या किनाऱ्यावर हातमोज्यांचा कारखाना, कचेरीच्या खिडकीतून समुद्र दिसतो. शिवणखात्यातल्या हामाओने पहिल्याच तासाला माझं नाव ‘ओसाकाकर’ ठेवून टाकलं. कचेरीचे प्रमुख निशिगाकी साहेब. त्यांनी करार पुढ्यात ठेवला आणि तडकाफडकी काढून टाकण्याची अकरा कारणं मला मोठ्याने वाचायला लावली. चोरी पहिलं, खोटी साक्ष नववं. चोरीपाशी मला हसू फुटलं. चोराला लागतात ते हातमोजे इथेच तर बनतात! साहेब हसले नाहीत. सातव्या कलमावर त्यांनी बोट टेकवलं : न कळवता सलग चौदा दिवस गैरहजर. कामाचे दिवस, असं वर म्हणाले.

शेजारच्या टेबलावर मिझोबे बाई, एकोणीस वर्षं इथेच. दुपारी उदोन नूडल्सच्या रांगेत त्यांनी मला पुढे घेतलं. लाजतोस काय रे, पोटभर जेव, असं म्हणत आपल्या वाटणीचं तळलेलं कोळंबीचं भजं माझ्या वाडग्यात टाकलं. माणसं चांगली भेटली म्हणायची.

४ एप्रिल, शुक्रवार
माझं मुख्य काम हजेरीचं. दाराशी फळी आहे, तिच्यावर प्रत्येकाच्या नावाची लाकडी पट्टी. काळी अक्षरं वर म्हणजे हजर, लाल अक्षरं म्हणजे गैरहजर. येणारा आपली पट्टी काळी करतो, आठ वाजून दहाला मी फळी बघून मस्टर भरतो. हे सगळं बाईंनीच शिकवलं. माझं अक्षर म्हणजे खेकडा चालल्यासारखं, यावरून दिवसभर चिडवत होत्या. राहायला खोलीही त्यांनीच बघून दिली.

९ एप्रिल, बुधवार
लहान मुलांच्या हातमोज्यात सुईचं मोडकं टोक सापडलं. साहेबांनी गप्प राहायला सांगितलं होतं. बाईंनी सरळ गिऱ्हाइकाला फोन केला. सगळा माल परत येतोय. हामाओ म्हणाला, आता बाईंचं काही खरं नाही, पण खरं बोलली म्हणून काढायचं तर ते अकरा कारणांत बसत नाही.

१० एप्रिल, गुरुवार
सकाळी साहेब माझ्या टेबलाशी आले आणि म्हणाले, मिझोबे बाई आज आलेल्या दिसत नाहीत. बाई हातभर अंतरावर पेन्सिलीला टोक करत होत्या. थट्टा असेल म्हणून मी हसलो. साहेब नुसते फळीकडे बघत राहिले. माझी तीन महिने उमेदवारी आहे. मी उठलो आणि बाईंची पट्टी लाल केली.

बाई उठल्या, पट्टी पुन्हा काळी करून जागेवर बसल्या. मी पुन्हा लाल केली. तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मस्टरमध्ये डोकं घातलं.

१७ एप्रिल, गुरुवार
सहावा दिवस. कुणीच त्यांच्याशी बोलत नाही. वाटेत आल्या की लोक खुर्चीला वळसा घालावा तसे वळसा घालतात. मी हामाओला विचारलं, हे बरं आहे का? तो म्हणाला, ओसाकाकर, चष्मा काढ, म्हणजे तुलाही दिसणार नाही.

बाई रोज वेळेवर येतात. निळा स्वेटर, केसांना क्लिप. आले हो मी, असं मोठ्याने म्हणून बसतात. मला त्या पूर्ण दिसतात. रात्री अंथरुणात आठवलं की कान तापतात.

३० एप्रिल, बुधवार
काल सणाची सुट्टी, म्हणून आज चौदावा दिवस. मी मस्टर उघडलं तेव्हा बाईंनी येऊन आपल्या नावापुढच्या रकान्यावर हात ठेवला. मी त्यांच्या बोटांच्या मधल्या जागेत लाल फुली मारली. थोडी शाई त्यांच्या नखाला लागली.

दुपारी साहेबांनी साक्षीचा कागद पुढे केला : ‘मिझोबे बाई या चौदा दिवसांत कामावर दिसल्या नाहीत.’ मी सहीच्या जागी माझ्या नावाचा शिक्का मारला. संध्याकाळी साहेबांनी पाठीवर हात ठेवला, उमेदवारी संपल्यातच जमा, असं म्हणाले. मला आनंद झाला. झाला, हे लिहून ठेवतो. लाज वाटते.

७ मे, बुधवार
मेच्या सणांच्या सुट्टीनंतर पहिला दिवस. माझी पट्टी लाल होती. काळी केली. मस्टर घेऊन आलो तोवर पुन्हा लाल. हामाओचं काम असणार. त्याला शिवी दिली तर त्याने मान वर केली नाही. ठीक आहे. मी कुणाची तक्रार करणार, आणि कुठल्या तोंडाने?

९ मे, शुक्रवार
तिसरा दिवस. उदोनवाल्या बाईने माझ्या पुढच्याला वाडगा दिला, मागच्याला दिला. मी ताट आपटलं. ती भुवई उडवून दाराकडे बघत म्हणाली, वारा आहे आज. तिला कारखान्याच्या भानगडींशी काय देणंघेणं?

१४ मे, बुधवार
सहावा. दुकानाचं आपोआप उघडणारं दार उघडत नाही. कुणी आलं की मागोमाग शिरतो. आईला फोन लावला. हॅलो, हॅलो, कोण आहे, असं म्हणत राहिली. मी ओरडत होतो. मग बाबांना म्हणाली, कुणीच नाही — आणि फोन ठेवला.

२० मे, मंगळवार
दहावा. मस्टर दुसऱ्याच कुणाच्या तरी अक्षरात भरलेलं असतं. माझ्यापुढे लाल फुल्यांची ओळ. आज पट्टी काढून उलटली. मागची बाजूही लाल.

मला दोन्हीकडून —

२३ मे, शुक्रवार
तेरावा. सोमवारी चौदा भरतील. भरले की काय होईल ते मला — नाही, लिहीत नाही. उद्या नाहीतर परवा बाईंकडे जाणार. माफी मागणार.

२५ मे, रविवार
बस थांबली नाही. चालत गेलो. बाई अंगणात कपडे वाळत घालत होत्या. वळल्या आणि म्हणाल्या, अगं बाई, सुगाया! किती वाळलास रे!

त्यांना मी दिसलो. ओट्यावर बसून मी लहान पोरासारखा रडलो. त्यांनी जवाचा गार चहा दिला. मग सांगू लागल्या. त्या चौदा दिवसांपासून झोप नाही. सकाळी उठल्यावर आधी कप हातात धरून बघतात, आपण आहोत ना. बहीण म्हणते, तुझंच डोकं फिरलं असेल, त्या मुलाने शिक्का मारून लिहून दिलंय. मला नोकरी नको, भांडण नको, कुणाला सांगणार नाही — असं म्हणत त्यांनी माझा हात धरला. एवढंच सांग रे बाळा, मी तुला दिसत होते ना?

एक ‘हो’ हवा होता. तेवढ्यासाठीच तर गेलो होतो. पण ज्या हाताने मी ती फुली मारली तोच त्यांनी धरला होता. हो म्हटलं तर मी कोण ठरतो, त्यांच्यासमोर? तोंड उघडलं आणि म्हणालो, नाही हो बाई. मला खरंच तुम्ही दिसला नाहीत.

त्यांचा हात हळूहळू सुटला. मग उठल्या, आपला कप उचलला. इकडे तिकडे पाहिलं, काहीतरी विसरल्यासारखं. माझ्यावरून नजर गेली आणि — थांबली नाही. आत जाऊन कडी लावली.

मी दार बडवलं. आतून, बहिणीला — कुणी नाही गं, वारा आहे.

२६ मे
चौदावा. साहेब कागद वाचतायत. सातवं कलम. हामाओ शिक्का काढतोय. मी टेबलावर उभा राहून ओरडलो — मी हजर होतो, पण मी खोटी साक्ष दिली, नववं कलम, नववं लावा! तो गुन्हा माझा आहे. त्यासाठी काढा मला —

शिक्का मारला.

फळीवरून पट्टी काढतायत. पेन हातात नीट राहत नाही. लवकर — जो कुणी हे वाचेल त्याने बाईंना सांगा. निळा स्वेटर. नखाला शाई. रोज, चौदाही दिवस, मला त्या दिस