लोकाटाच्या तीन जाती

माय, तू गेल्यापासून बाबा माझ्याकडे असतात, इथे समुद्रकाठी. काल त्यांना आमच्या रोपवाटिकेत नेलं. तिथे आम्ही लोकाटाच्या, त्या थंड मुलखातल्या फळझाडाच्या, तीन जातींची कलमं लावली आहेत, या दमट गरमीत कोणती टिकते ते पाहायला. पहिलीचं फळ लहान, नारिंगी, पण ऊन तापायच्या आत पिकतं आणि गोड लागतं. दुसरीचं मोठं, फिकट पिवळं; आंबटच राहतं, उन्हाकडची साल करपते. तिसरी उशिराची. मोहर भरपूर, वासही छान, पण फळ बोराएवढं झालं की गळतं. बाबांनी पहिलीचं फळ खाल्लं आणि तिसरीपाशी जाऊन उभे राहिले.

साकोलीच्या घरामागचं तुझं झाड असंच होतं. मामा फौजेतून सुट्टीवर येताना लोकाट घेऊन आले, तू ते खाल्लंस आणि बी मोरीच्या पाण्यावर रुजवलंस. गोंदिया वेगळा जिल्हा झाला त्या सुमारास त्याला पहिल्यांदा मोहर आला. मग दर हिवाळ्यात मोहर, दर फागुनात गळ. बाबा म्हणायचे, "हे वांझ झाड कायले पोसून राहिली तू?" तू म्हणायचीस, "राहू द्या. येईन त्याच्या मनात आलं तं." मी होईपर्यंत तो शब्द तू स्वतःबद्दल ऐकत आली होतीस, हे मला फार उशिरा कळलं. एका लग्नासाठी तू कोंढ्याला माहेरी गेलीस आणि बाबांनी झाड तोडलं. परत आल्यावर तू बुंधा पाहिलास, हातपाय धुतलेस, सगळ्यांना भात वाढलास. त्यानंतर शेवटपर्यंत तू त्यांच्याशी कामापुरतंच बोललीस.

काल ते खोडावर हात ठेवून म्हणाले, "मी थांबलो असतो तं आलं असतं काय वं बाई?"

वयानं त्यांची मान हलत होती. मी म्हणाले, "नाही बाबा. आपल्याकडच्या उन्हात ते कधीच आलं नसतं."

"पक्कं ना?"

"पक्कं."

ते खाली बसले, डोळे पुसले. घरी येऊन पोटभर जेवले.

खरं तर मला माहीत नाही. बियांचं झाड काय करेल ते कोणी सांगू शकत नाही. एखाद्या वर्षी थंडी लांबली असती तर कदाचित आलंही असतं. हे तुला लिहिलेलं त्यांच्या हाती लागू नये म्हणून मी कागद फाडून टाकेन. माय, मला त्यांची दया आली. मी तुझ्या बाजूनं बोलले नाही.