मागच्या दाराचं चित्र

प्रिय श्रीरंग,

तुझा पत्ता आपल्या कॉलेजच्या रुपेशकडून मिळवला. त्याने ई-मेलही दिला होता, पण हे हाताने लिहावंसं वाटलं. अक्षर बिघडलंय, सांभाळून घे. आम्ही अजून उंटरश्लाइसहाइमलाच आहोत. प्रणव सायकलने ऑफिसला जातो, मी एस-बान लोकलने. अन्वी तेरा वर्षांची झाली. मी मराठीत बोलते, ती जर्मनमध्ये उत्तर देते आणि भांडणं मात्र दोघींना आपापल्या भाषेत छान जमतात.

तू गेट्सहेडच्या शाळेत फिजिक्स शिकवतोस, असं रुपेश म्हणाला. मुलांना तू आवडत असशील. तरी ऐकून वाईट वाटलं. रणगाडा ज्यांनी पहिल्यांदा बनवला त्यांच्याकडेच जाऊन शिकायचं, असं तू कॉलेजात असल्यापासून म्हणायचास. न्यूकॅसलच्या कारखान्यात तू रुजू झालास तेव्हा तिथून शेवटचा नवा रणगाडा बाहेर पडून दोन वर्षं होऊन गेली होती. मग दर रविवारी तुझ्या फोनवर तेच. आज आणखी एक शेड बंद झाली, आज आणखी एका वेल्डरला केक कापून निरोप दिला. मी म्हणायचे, इकडे जर्मनीत ये, आमच्या कंपनीत रणगाड्यांचं काम आहे. तू म्हणायचास, "सगळेच निघून गेलो तर पुढची ऑर्डर आल्यावर करणार कोण?" ऑर्डर आलीच नाही. आता तुमच्याकडे जुन्याच दीडशेएक रणगाड्यांवर नवं टरेट, वरचा फिरता बुरूज, बसवतायत आणि त्यातली तोफ जर्मन आहे. हे लिहिताना मला जिंकल्यासारखं वाटत नाही. तेव्हा मी तुझ्या हट्टावर चिडले, वर्षभर वाट पाहिली आणि मग प्रणवशी लग्न केलं. सुखात आहे, खरंच.

आपण शेवटचं भेटलो ते २००९ मध्ये, तू इकडे कॉन्फरन्सला आला होतास तेव्हा. गार्चिंगच्या कँटीनमध्ये तीन तास बसलो आणि आपल्या लग्नाचा विषय दोघांनीही काढला नाही. त्याऐवजी तू कार्यक्रमपत्रिकेच्या मागे चित्र काढलंस. पुढच्या काळात टरेटमध्ये माणूस नसेल, तिघंही खाली पुढच्या बाजूला चिलखती खोलीत बसतील, हे तर सगळेच म्हणत होते. तुला छळत होता तो वेगळाच प्रश्न. डोक्यावरच्या झाकणावर नेमकी तोफेची नळी आली आणि आत आग लागली, तर ती माणसं बाहेर कशी पडणार? तू म्हणालास, टरेटखाली माणूस नसेल तर तिथली जागा मोकळीच आहे, तिथून मागे सरपटत जाता येईल. इंजिन थोडं बाजूला सरकव आणि मागे दार काढ. तुझ्या साहेबांनी आधी असंच चित्र बघून विचारलं होतं, आपण नवा रणगाडाच करणार नाही तर हे चित्र लावू कुठे? हे सांगताना तू हसलास. मला ते हसणं सहन झालं नाही. तो कागद मी मागून घेतला. चित्रासाठी नव्हे, हे तुला तेव्हाही कळलं असणार.

गेल्या मे महिन्यात आमच्या नमुना रणगाड्याची चाचणी झाली. आत धूर सोडला होता, नळी मुद्दाम झाकणावर आणून ठेवली होती. तीन जण मागच्या दाराने चौदा सेकंदांत बाहेर आले. त्यातला एक खोकत खोकत गवतावर बसला आणि त्याने मला हात केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. पेटंटवर शोध लावणारी म्हणून एकच नाव आहे, माझं. तीन वर्षांपूर्वी सही करताना मी स्वतःला समजावलं होतं की चित्र आणि यंत्र यात फार अंतर असतं, ते अंतर मी कापलंय. त्यात खोटं काही नाही. पण पूर्ण खरंही नाही.

त्या दिवशी इंग्लंडहून चौघे पाहुणे आले होते. त्यांच्यातले ॲलन नावाचे पिकलेल्या केसांचे गृहस्थ दाराशी वाकून बराच वेळ पाहत राहिले. मग म्हणाले, "आमच्या न्यूकॅसलला एक भारतीय मुलगा होता. असंच दार काढा म्हणून सगळ्यांच्या मागे लागायचा. श्रीरंग. तुमच्या ओळखीचा आहे का?"

मी नाही म्हटलं.

श्रीरंग, तुझी कल्पना मी घेतली, त्याचं एक वेळ समर्थन करता येईल. पण तुला मी ओळखत नाही, हे मी सहज, हसून, पाणी पिता पिता म्हटलं. घरी आल्यावर प्रणवला सगळं सांगितलं, गार्चिंगचंही. तो म्हणाला, "हे मला नाही, त्याला सांग." त्यानंतरच्या सोमवारी मी तुझ्या चित्राचा तो कागद माझ्या साहेबांच्या टेबलावर ठेवला. पुढच्या टप्प्याचं काम माझ्याकडे राहील की नाही, ते माहीत नाही. ॲलनना लिहिलं, की मी खोटं बोलले. सोबत पेटंट ऑफिसचा दुरुस्तीचा अर्ज आहे. त्यावर तुझं नाव पहिलं आहे, माझं दुसरं, आणि माझी सही झालेली आहे. तुझ्या सहीची जागा पेन्सिलने खूण करून ठेवली आहे. माफ कर असं म्हणत नाही, ते तुझ्यावर. फक्त सही कर.

एकेकाळची तुझी,
सुलेखा