शिसं न ओतलेला सांधा

राहाता, ता. १४ जून १९४१

ती. सौ. इंदूताईस धाकट्या नृसिंहाचा सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, पण पायांत चप्पल शिल्लक आहे आणि अंगात ताप नाही, तेव्हा खुशाल समज. नगराहून निघालो कोपरगावला जायचं म्हणून; वाटेत एका गूळवाल्याच्या गाडीत बसलो, गप्पा रंगल्या आणि राहात्यालाच उतरलो. एका बागाइतदाराच्या विहिरीवरचं इंजिन सांभाळतो. ते इंजिन सकाळी म्हाताऱ्यासारखं आधी खोकतं, मग... असो, ते राहू दे.

तुमच्या आळीतला नवा नळ काय म्हणतो? नळात चामड्याची चकती असते म्हणून तुझ्या सासूबाई त्याला शिवायला तयार नव्हत्या आणि तू प्रेमलाला कडेवर घेऊन दोन आळ्यांपलीकडच्या आडाचं पाणी ओढत होतीस. शेवटी मी त्यांच्यापुढे तोटी उघडली, चामडं काढून रबर बसवलं. त्यांनी ते रबर नाकाशी नेऊन पाहिलं होतं, आठवतं? मग म्हणाल्या, नळ घालणाऱ्यांत आपला नृसिंह आहे, मला दुसरी खात्री नको. महिनाभर भिमाजी मिस्त्रीच्या हाताखाली माती उपसली त्याचं तेवढ्यात सार्थक झालं. पुढं टिकलो नाही, हे तू म्हणण्याआधी मीच म्हणतो.

कामाच्या त्या शेवटच्या दिवशी कॅम्पात रणगाडे आले होते. काय सांगू तुला, नुसता रस्ता थरथरत होता. प्रेमलाला दाखवायला हवे होते.

विष्णुपंतांना नमस्कार. लोभ आहेच, तो रागासकट असू दे.

तुझा,
नृसिंह

नगर, ता. १० जुलै १९४१

चि. नृसिंहास अनेक आशीर्वाद.

हे पत्र हाती पडताच उत्तर लिही. वाटेत कोणाच्या गाडीत बसू नकोस.

पाऊस लागल्यापासून नळाला पहिल्या दोन कळश्या गढूळ येतात आणि गटारीचा वास मारतात. आम्ही त्या ओतून टाकत होतो आणि पुढचं पाणी चांगलं म्हणून पीत होतो. आज प्रेमलाच्या तापाचा नववा दिवस. डॉक्टर म्हणतात मुदतीचा ताप आहे, एकवीस दिवस कसेबसे काढायचे. आळीत आणखी चार घरी हेच आहे. आता पाणी उकळून पितो, पण हे आता.

यांनी भिमाजीला गाठलं. तो म्हणतो, सांधे सगळे माझ्या नजरेखालचे आहेत, आणि भर पावसात अख्खी आळी खणायला कंत्राटदार माणसं देणार नाही. जागा दाखवा, मी खणतो. जागा आम्हाला काय ठाऊक? तू महिनाभर त्या चरात होतास. कुठं शंका येत असेल तर कळव.

सासूबाई प्रेमलाच्या उशाशी बसून असतात. तिनं काल दोन वेळा मामा कुठे आहे म्हणून विचारलं. मी येतोय म्हणाले.

वाट पाहणारी,
इंदू

कोपरगाव, ता. २४ जुलै १९४१

ती. इंदूताईस नमस्कार.

तुझं पत्र राहात्याला पडून होतं. मी एका फिरत्या सिनेमावाल्याबरोबर इकडे निघून आलो होतो. परवा, एकवीस तारखेला, हाती आलं. परवा नव्हे, तीन दिवस झाले. मोजायलाही नको वाटतं.

जागा मला ठाऊक आहे. आळीच्या तोंडाशी छगन शिंप्याचा ओटा आहे, त्याच्यापुढे गटार नळावरून जातं, तिथला सांधा. भिमाजीनं शिसं वितळवून माझ्या हाती दिलं आणि तो पुढे गेला. आधी ताग कोंबायचा, वरून शिसं ओतायचं, मग ठोकायचं. मी ताग कोंबला. तेवढ्यात कोणी म्हणालं, कॅम्पात रणगाडे आले. मी वर चिखल थापला, माती ओढली आणि पळालो. संध्याकाळी ओतीन म्हटलं. संध्याकाळी मी सगळ्यांना रणगाड्यांच्याच गोष्टी सांगत बसलो, पुढं पत्रातून तुलासुद्धा.

येथल्या पंपावरच्या सहादेव फिटरला दुसऱ्या कोणाची म्हणून हकीकत सांगून विचारलं. तो म्हणाला, नळाला पाणी नसतं त्या वेळी असा सांधा बाहेरचं आत ओढून घेतो, भोवती असेल ते.

आजच खणायला लाव. मी रोज स्टेशनावर जातो, गाडी येते, जाते, मी परत येतो. प्रेमलाचा ताप उतरला एवढंच लिही. मग मला काय वाटेल ते बोल.

नृसिंह

नगर, ता. २ ऑगस्ट १९४१

नृसिंहास,

तुझं पत्र सव्वीसला आलं. प्रेमला चोवीस तारखेला सकाळी गेली. ताप उतरत होता, मग पोटातून रक्त गेलं.

पत्र मी एकटीनंच वाचलं आणि बंबात घातलं. मग यांना म्हटलं, छगन शिंप्याच्या ओट्यापुढे जमीन सारखी ओली दिसते, तिथं खणा. भिमाजीनं खणलं. हात घालून चाचपलं. मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, “ह्यात शिसं न्हाई, ताई. तुमचा भाऊ कुटं हाय?” मी म्हटलं, ठाऊक नाही. कंत्राटदारानं त्याला त्याच दिवशी कामावरून काढलं. तुझं नाव त्यानं सांगितलं नाही, मीही नाही. सांधा नीट झाला. पाणी आता स्वच्छ येतं.

सासूबाई म्हणतात, सांधा हे निमित्त. जन्मभराचं सोवळं मोडून नळाचं पाणी मी घरात घेतलं, ते पाप पोरीला भोवलं. भेटायला येईल त्याला त्या हेच सांगतात. एक वेळ जेवतात, सहासष्टाव्या वर्षी आडावरून स्वतः पाणी आणतात, मला कळशीला हात लावू देत नाहीत. मी एक शब्द बोलले तर त्यांचं हे ओझं उतरेल. रोज तो शब्द माझ्या तोंडाशी येतो, आणि मी आत जाऊन चूल पेटवते.

काल त्यांनी मला जवळ बोलावून सांगितलं, नृसिंहाला इतक्यात इकडे येऊ देऊ नकोस. पोरानं भल्यासाठीच मला समजावलं होतं, तो उगीच जिवाला लावून घेईल. आला तर मीच त्याची समजूत घालीन.

म्हणून कळवते, येऊ नकोस. तू मान खाली घालून बसला आहेस आणि त्या तुझ्या पाठीवरून हात फिरवताहेत, हे माझ्याच्याने पाहवणार नाही.

आशीर्वाद लिहायची रीत आहे. आज हात चालत नाही.

इंदू