हळदीकुंकू बदकांच्या वाटेत

आई, आज सकाळी नदीकाठच्या पक्षी अभयारण्यात मी एका ट्रकच्या वाटेत उभी राहिले. तू असतीस तर म्हणाली असतीस, "शोभतं का या वयात?" शोभतं. तू गेलीस त्या वयाहून मी आता मोठी आहे, तेव्हा ऐकून घे.

सदाशिव पेठेतल्या आपल्या स्वयंपाकघरात तू पोहे परतते आहेस. मी कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर येरवड्याकडे नदीवर पक्षी बघून आलेली, सलवार गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली. बाहेरच्या खोलीत मला बघायला आलेली मंडळी ताटकळली आहेत. तू उलथनं थांबवत नाहीस, आवाजही चढवत नाहीस. "या. पाहुण्यांना काय सांगू, मुलगी बगळे बघायला गेली होती?" मी म्हणाले, "बगळे नाहीत, शेकाटे होते." पोहे तूच बाहेर नेलेस. मंडळींचा नकार आला आणि कितीतरी दिवस तू माझ्याशी कामापुरतंच बोललीस. मला त्या नकाराचं वाईट वाटावं, याची तू फार वाट पाहिलीस. वाटलं नाही. आजही वाटत नाही.

तर आजचं. जलपर्णीच्या कडेला हळदीकुंकू बदकं पोहत होती. काळ्या चोचीला टोकाशी पिवळा रंग, मुळाशी लाल ठिपके, म्हणून हे नाव. ते ऐकून तूही हसली असतीस, कबूल कर. तेवढ्यात पाडलेल्या इमारतीचा राडारोडा भरून एक ट्रक आला आणि पाण्याच्या दिशेनं रिव्हर्स घेऊ लागला. मी जाऊन मध्ये उभी राहिले. ड्रायव्हर खाली उतरला.

"मावशी, बाजूला व्हा. हा खड्डा भरायला सांगितलाय."

"खड्डे भरायचेत? मग रस्त्यावर जा, तिथं पुष्कळ आहेत."

"मालकांना फोन लावू का?"

"लावा की. मला घाई नाही." आणि त्या ओल्या मातीत मी खरंच बसकण मारली. कॅमेरा घेऊन आलेलं एक तरुण जोडपं शेजारी येऊन बसलं. ड्रायव्हरचे फोनवर फोन झाले. शेवटी ट्रक भरलेलाच परत गेला. उद्या दुसऱ्या वाटेनं येईल, मला कळतं. उद्या मीही जाणार आहे.

नंतर टपरीवर चहा पिताना त्या जोडप्यातल्या मुलीनं विचारलं, "काकू, तुम्हाला पक्ष्यांचं हे वेड लागलं कुठून?"

"आईकडून," मी म्हणाले. "तीच न्यायची मला नदीवर."

हे पत्र कुठेच जायचं नाही, म्हणून सांगते. तू मला नदीवर न्यायचीस, असं मी आजवर अनेकांना सांगितलं आहे. त्यात तू पदर खोचून माझ्यापुढे चिखलातून चालतेस. खोटं आहे, आणि मी ते मागे घेणार नाही.