तुझ्या वतीने दिलेलं उत्तर

प्रिय वनिताताई,

फोन चांगोदाजींच्या खिशात असतो, म्हणून हे पत्र रक्तवाढीच्या गोळ्यांसोबत आईच्या हाती देतेय. तू अक्षरं जोडून वाचतेस, म्हणून मोठं लिहिलंय. एकटी असताना वाच.

इकडे खालापूरला कंपनीत काम नेहमीचंच. गेल्या बुधवारी कर्जतला आपण डॉक्टरीणबाईंपुढे बसलो होतो, तेच सारखं आठवतं. वाडीतलं कुणीही दवाखान्यात गेलं की बोलायला मी, एकटी शिकलेली म्हणून. मोतीबाईचा दात दुखत होता तेव्हाही उत्तरं मीच दिली आणि दात चुकीचा दाखवला. तू किती हसलीस! "सगळ्या वाडीचं तोंड हिच्याकडंच हाय," म्हणालीस.

बुधवारी बाईंनी सोनोग्राफी बघून सांगितलं, की गर्भपिशवीत लिंबाएवढ्या दोन गाठी आहेत, कॅन्सरच्या वाटत नाहीत, पण दर महिन्याला इतकं रक्त जातं ते त्यांच्यामुळेच. मग त्यांनी विचारलं, अजून मूल हवंय का? दाजी शेजारीच उभे होते. मला इतकं अवघडल्यासारखं झालं, की तुझ्याकडे न बघताच मी म्हणाले, नको, एक मुलगी आहे. बाईंनी पिशवी काढायची तारीख लिहून दिली. तेव्हा प्रश्नाची लाज वाटली होती, आता उत्तराची वाटते.

बाहेर आल्यावर तू विचारलंस, "मग गं, पुढं काय नाय व्हायचं?" मी म्हणाले, "पुढं काय, सुटलीस की!" तू पदराने तोंड पुसलंस आणि वडापाव नको म्हणालीस.

रविवारी तुझ्याकडे आले तेव्हा आढ्याला झोळीचा दोर तसाच होता. जागृती पाच वर्षांची झाली, आता सोड की तो, असं मी सहज म्हटलं. तू चुलीकडे बघतच म्हणालीस, "असू दे. तुजी जागा अडवतो का?"

काल मी एकटीच बाईंकडे जाऊन आले. ते उत्तर तुझं नव्हतं, माझं होतं, असं सांगितलं. त्या रागावल्या, ते बरंच झालं. मग म्हणाल्या, मूल हवं असेल तर पोटाला बारीक छिद्रं पाडून दुर्बिणीने नुसत्या गाठी काढता येतील, पिशवी राहील. गाठी पुन्हा होऊ शकतात, मूल राहीलच याची खात्री नाही, हेही त्यांनी सांगितलं. या वेळी मी काही गाळलेलं नाही.

म्हणून मंगळवारच्या ऑपरेशनच्या कागदावर इतक्यात सही करू नकोस. सोमवारी बाईंनी तुला पुन्हा बोलावलंय. मी दारापर्यंत येईन, आत तू एकटी जा. त्यांना हळू बोलायला सांगून ठेवलंय. हवं म्हण, नको म्हण, नाहीतर विचार करते म्हण. मी बाहेर बाकावर बसेन, तोंड मिटून.

चुकीचा दात दाखवणारी, तुझीच
संध्या